माळ्यावरच्या दोनशे रेकॉर्डी कशा धुवाव्यात?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या नाशकातला वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत आजोबांच्या दोनशेच्या आसपास रेकॉर्डी निघाल्या. पलुस्कर आहेत, बालगंधर्व आहेत, भावगीतं आहेत, सिनेमाची गाणी आहेत. काहींवर पांढरी बुरशी, काहींवर तेलकट बोटांचे ठसे, दोन तडकलेल्या. सोबत आजोबांचा एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर. आता स्पिरिट आणि कापूस घेऊन बसायचं, की साबणाच्या पाण्याने धुवायचं, की आजी म्हणते तसा खोबरेल तेलाचा हात फिरवायचा? आणि नंतर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हे सगळं ठेवायचं कसं?

मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रेकॉर्डींचा नाद त्याच्याही आधीचा. गेली सोळा-सतरा वर्षं ओळखीच्यांच्या रेकॉर्डी धुऊन देतो, प्लेअर चालते करून देतो. त्यामुळे खाली लिहिलंय ते बहुतेक हाताने केलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं आधी चुकवून मग शिकलेलं आहे.

तुम्ही विचारताय कशाने धुऊ. मला आधी विचारायचंय की ट्रंकेत नक्की काय काय आहे. दोनशे रेकॉर्डी म्हणजे एका जातीच्या दोनशे वस्तू नव्हेत. त्यात दोन अगदी वेगळे पदार्थ असणार. जुन्या, ७८च्या वेगाने म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्या लाखेच्या. तीच लाख, जी बांगड्यांना आणि सीलला वापरतात. तिच्यात दगडाची बारीक पूड वगैरे कालवून दाबलेली. नंतरच्या एलपी (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या) आणि ईपी (छोट्या) व्हायनलच्या, म्हणजे एक प्रकारचं पीव्हीसी. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे ७८च्या तबकड्या त्यानंतरही साठचं दशक सरेपर्यंत निघत राहिल्या. म्हणून एकाच ट्रंकेत दोन्ही सापडतात आणि लोक दोन्हींना एकच न्याय लावतात. तुमच्याकडच्या पलुस्करांपैकी बऱ्याच ७८च्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. द. वि. पलुस्कर १९५५ मध्येच गेले, त्यांच्या हयातीतलं बहुतेक काम त्या छोट्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरच आहे. नाशकात ह्या तबकड्या निघतातही फार. त्यांचे वडील विष्णू दिगंबर, त्यांचा रामनाम आधार आश्रम पंचवटीतच, त्यामुळे जुन्या घरांतून ते नाव ऐकू यायचंच.

आता स्पिरिटचं. माझ्या हातून गेलेली पहिली तबकडी ७८चीच होती. भद्रकालीतल्या एका जुन्या सामानवाल्याकडून आणलेली, काळी, पण वर धुळीचा राखाडी थर. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि फिरवायला लागलो. बोळा काळा झाला. मला आनंद झाला, म्हटलं काय घाण निघतेय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसरा, चौथा. पाचव्या बोळ्याला लक्षात आलं की एवढी घाण तिच्यावर नव्हतीच. निघत होती ती तबकडी. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच भिजवतो, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. वाळल्यावर तेवढा पट्टा मॅट, आंधळा झाला होता, आणि सुई तिथे पोचली की वाळूवरून चप्पल ओढल्यासारखा आवाज.

म्हणून पहिलं काम: चादर पसरा आणि दोन ढीग करा. लेबलवर ७८ लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. लिहिलेलं नसेल तर वजन बघा. लाखेची तबकडी दहा इंचीच असूनही हाताला जड आणि ताठ लागते. कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा. लाखेची चिनीमातीच्या बशीसारखी किणकिणते, व्हायनल बद्द वाजतं. वाकवून मात्र बघू नका, लाखेची वाकत नाही, मोडते. ज्या तबकडीबद्दल शंका राहील ती लाखेच्या ढिगात टाका. व्हायनलला लाखेची वागणूक दिली तर काही बिघडत नाही, उलटं केलंत तर बिघडतं.

मग प्रत्येक ढिगात आणखी एक निवड. सगळ्या दोनशे धुवायच्या नाहीत. खिडकीशी उजेडात तिरपी धरून बघा. जी काळी चकचकीत आहे, नुसती वरवर धूळ आहे, तिला मऊ ब्रश पुरे. जिच्यावर ठसे, चिकटपणा, बुरशी आहे ती धुवायची. जी राखाडी दिसते, म्हणजे सुई ज्यांतून फिरते त्या बारीक खाचा झिजून गेल्यात, ती कितीही धुतली तरी तिचा आवाज परत येणार नाही. हे आधी समजून घेतलं की पुढचा मनस्ताप वाचतो. लोक माझ्याकडे रेकॉर्ड आणतात, म्हणतात खरखर काढून द्या. खरखर तीन तऱ्हेची असते. मधूनच, कुठेही, तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज असेल तर तो धुळीचा, तो बहुतांशी जातो. ठरावीक अंतराने टक्, टक् येत असेल तर तो ओरखडा. एलपी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. घड्याळ लावून मोजा, टक् त्याच ठेक्यात येत असेल तर पाण्याचा उपयोग नाही. आणि तिसरी, गायकाने वरचा सूर लावला की आवाज फाटतो, तोही लेबलकडच्या शेवटच्या गाण्यात जास्त. ती झीज. झीज धुऊन जात नाही. पण ती झीज आहे की झिजलेल्या सुईचा आवाज, हे दुसऱ्या चांगल्या सुईवर वाजवल्याशिवाय ठरवू नका.

आता धुण्याकडे येऊ. इथे खरा मुद्दा साबणाचा नाही, पाण्याचा आहे. फ्लॅटमध्ये बोअरचं पाणी येत असेल तर त्यातले क्षार खाचांत वाळून बसतात आणि धुतलेली रेकॉर्ड न धुतलेलीपेक्षा जास्त तडतडते. नळाच्या पाण्यातही थोडे असतातच. आरओचं पाणी बरं, पण तेही कोरं नसतं. मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो. गाड्यांच्या बॅटरीवाल्याकडे पाच लिटरचा कॅन मिळतो. दोन गोष्टी सांभाळा. एक, सीलबंद कॅन घ्या आणि त्याच्यावर डिस्टिल्ड वॉटर लिहिलंय ना ते वाचा. शेजारीच बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं आणि दोन्ही दिसायला पाण्यासारखीच. दुसरं, घरी आणल्यावर स्वच्छ आरशावर त्याचे दोन थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. शेजारी नळाच्या पाण्याचे दोन थेंब. सकाळी नळाच्या थेंबाजागी पांढरट कडं दिसेल. कॅनच्या थेंबाजागी काहीच दिसता कामा नये. दिसलं तर ते पाणी बॅटरीलाच ठेवा.

व्हायनलसाठी एक लिटर ह्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. थेंब म्हणजे थेंबच. फेस आला तर जास्त झालं असं समजा. साबण इथे घाण कापायला नसतो, पाणी खाचेत उतरावं म्हणून असतो. नुसतं पाणी व्हायनलवर अळवाच्या पानासारखं गोळा होऊन बसतं. तेलकट ठसे फारच असतील तर त्या लिटरमध्ये शंभर मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतो, पण फक्त व्हायनलच्या ढिगासाठी, आणि त्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावून ठेवतो. एकदा चूक केली की माणूस चिकटपट्ट्या लावायला लागतो.

लेबल कागदाचं असतं, ते ओलं होऊ द्यायचं नाही. बाजारात त्याचे क्लॅम्प मिळतात. मी दोन छोट्या प्लास्टिकच्या डब्यांची दहा सेंटिमीटरची झाकणं घेतली, मध्ये भोक पाडलं, आतून सायकलच्या ट्यूबचे गोल कापून चिकटवले आणि बोल्ट व हाताने फिरवायची नट लावली. रेकॉर्ड दोन झाकणांमध्ये धरली की लेबल कोरडं राहतं आणि बोल्ट धरून रेकॉर्ड फिरवताही येते.

ओट्यावर जाड टॉवेल, त्यावर स्वच्छ मायक्रोफायबर. आधी कोरड्या मऊ ब्रशने सुटी धूळ काढा, नाहीतर पाणी पडताच तिचा चिखल होतो आणि तो तुम्हीच खाचेत घासता. मग दहा-पंधरा मिली पाणी रेकॉर्डवर पसरवून मिनिटभर थांबा. हे थांबणं लोक टाळतात, पण वाळलेली घाण भिजायला वेळ लागतो. भांड्याला लागलेला भात आपण भिजत घालतोच ना. मग मऊ पॅडने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, पाच-सहा फेरे इकडून आणि तेवढेच उलटे. लेबलकडून कडेकडे आडवं कधीही पुसायचं नाही. त्यानंतर दुसरं पॅड, फक्त कोऱ्या पाण्याचं, दोनदा. धुण्याचं पॅड आणि निथळायचं पॅड एकमेकांत मिसळू देऊ नका. साबणाचा अंश मागे राहिला तर सुईवर पांढरी पेस्ट जमते, आणि मग माणूस म्हणतो, धुतल्याने बिघडली.

कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि उभी ठेवून वाळवा. मी स्टीलचं ताटाळं वापरतो. त्याच्या तारांवर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चिरून चढवली आहे, म्हणजे कडेला धातू लागत नाही. पंखा लावू नका. ओली रेकॉर्ड आणि वरून पंखा म्हणजे खोलीतली सगळी धूळ तिच्यावर बोलावणं. उन्हातही नको, साठ-सत्तर अंशांच्या आसपास व्हायनल मऊ पडायला लागतं आणि एप्रिलमधल्या आपल्या गच्चीवर काळी वस्तू तेवढी तापायला वेळ लागत नाही. एका बैठकीत आठ-दहाच करा. अकरावीला माझा हात हमखास घसरतो. अशा हिशेबाने पाच लिटरच्या कॅनमध्ये साधारण शंभर रेकॉर्डी होतात.

लाखेच्या तबकड्यांना हेच पाणी, पण साबण एकच थेंब आणि अल्कोहोल शून्य. भिजत ठेवायचं नाही. ओलं केलं, फिरवलं, कोऱ्या पाण्याने पुसलं, लगेच टिपलं. एका बाजूला दीड मिनिटापेक्षा जास्त नको. तडा गेलेली असेल तर तडा टाळून नुसतं ओलसर फडकं. सॅनिटायझर, काच पुसायचा निळा फवारा, नेलपॉलिश रिमूव्हर, यांतलं काहीही कुठल्याच ढिगाजवळ आणू नका.

बुरशीची रेकॉर्ड घरात झटकू नका. गॅलरीत जा, तोंडाला मास्क लावा, कोरड्या ब्रशने काढा, मग धुवा, आणि तो ब्रश पुन्हा दुसऱ्या रेकॉर्डला लावू नका. आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशीचं मूळ बहुधा त्यातच असतं. बाहेरचं कव्हर फेकू नका. ते कोरड्या मऊ फडक्याने पुसून सावलीत चार दिवस उघडं ठेवा. कव्हरवर आजोबांनी पेन्सिलने काही लिहिलं असेल, तारीख, कोणी भेट दिली ते, तर ते खोडून 'स्वच्छ' करू नका. मी एकदा उत्साहात असं एक कव्हर खोडरबराने साफ केलं होतं. ज्यांचं होतं त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा रेकॉर्डीही दिल्या नाहीत.

पाण्याला घाबरू नका, हे मात्र सांगायला हवं. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचा पूर नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडवून सराफ बाजारापर्यंत आला, तेव्हा तळमजल्यावरच्या एका घरातल्या साठ-सत्तर रेकॉर्डी चिखलात गेल्या. त्यांनी फोन केला तोवर अर्ध्या उन्हात वाळत टाकल्या होत्या. उरलेल्या ओल्याच राहू द्या म्हटलं, आणि टबमध्ये पाण्यात उभ्या करून नेल्या. ओल्या नेलेल्या व्हायनलचा चिखल साध्या वाहत्या पाण्याखाली निघून गेला, मग दोनदा डिस्टिल्ड. आजही त्या वाजतात. उन्हात वाळलेल्यांवर गाळ पापुद्र्यासारखा बसला होता, तो काढताना बारीक रेती खाचांतून फिरली आणि तो आवाज कायमचा राहिला. लाखेच्या ज्या रात्रभर पाण्यात होत्या त्यांच्यावर पांढुरकी झाक आली. त्यांतल्या काही वाजल्या, काही नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, पण वाड्याची भिंत पाझरली, पाइप फुटला, तर हे लक्षात असू द्या.

खोबरेल तेल नको. आजींना सांगा की चूक त्यांची नाही, तेल लावल्यावर ७८ची तबकडी पहिल्या दिवशी खरंच चमकते आणि आवाजही जरा मऊ होतो. पुढे त्या तेलात धूळ कालवली जाते आणि तीच आता तुम्ही काढत बसला आहात. लाकडाचा पांढरा गोंद ओतून वाळल्यावर सोलून काढायची एक युक्ती फिरत असते. मी एका टाकाऊ एलपीवर केली. नव्वद टक्के सुंदर निघाला, कडेचा पातळ राहिलेला थर खाचेतच बसला. तुमच्याकडे टाकाऊ रेकॉर्डी असतील तर करून बघा, पलुस्करांवर नको.

फिएस्टाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. रेकॉर्ड कितीही धुतली आणि सुई झिजलेली असली तर धुणं वाया गेलं. धुण्यापेक्षा सुई महत्त्वाची, असंच मी म्हणेन. माळ्यावरच्या प्लेअरची सुई कोणी, कधी बदलली होती, कोणालाच आठवत नसतं. नीलमणी सुई तर फार लवकर झिजते. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते, तीही नीट सांभाळली तर. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि ती खाच वाचण्याऐवजी कोरते. शिवाय आजच्या साध्या टर्नटेबलची सुई दीड-दोन ग्रॅम वजनाने टेकते, जुन्या सिरॅमिक पिकअपचं (सुई ज्यात बसते तो भाग) वजन त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज असतं. तेव्हा फिएस्टा दुरुस्त करा, जरूर करा, आजोबांची आठवण आहे. नवी सुई बसेपर्यंत मात्र त्यावर तुमची एकही चांगली रेकॉर्ड लावू नका.

आणि ७८ची सुई वेगळी असते. तिचं टोक एलपीच्या सुईच्या साधारण चौपट जाड, कारण खाचच रुंद. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाला खरडत जाते, आणि सगळी घाण तळाशीच असते. तुम्ही म्हणाल, धुऊनही खरखरतेय. जुन्या पिकअपला बहुधा फिरवायची छोटी दांडी असते, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. ती कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. उलटी चूक याहून वाईट: चावीच्या ग्रामोफोनवर, लोखंडी सुईखाली, एलपी ठेवणं. एका वाजवण्यात ती संपते.

ठेवायचं कसं, याचं उत्तर सोपं आहे. उभ्या ठेवा, सरळ, कलत्या नाही, एकावर एक थप्पी तर नाहीच. शंभर एलपींचं वजन कव्हरांसकट पंचवीस किलोच्या आसपास जातं, तेव्हा फ्लॅटमधल्या पातळ प्लायच्या फळीवर भरवसा ठेवू नका. मी काही वर्षं टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवल्या होत्या. पिंपळगावकडचे ते क्रेट मजबूत असतात आणि काहींत एलपी बरोबर उभी बसते, पण मोजून घ्या, सगळे एका मापाचे नसतात. पावसाळ्यात ज्या भिंतीला बाहेरून पाणी लागतं तिला टेकवू नका. नवं आतलं पाकीट साध्या पॉलिथिनचं घ्या. जाड, मऊ, वासाच्या पीव्हीसीचं नको, ते वर्षानुवर्षं चिकटून राहिलं तर रेकॉर्डवर धुकं धरतं. डांबराच्या गोळ्या मी ठेवत नाही, कव्हरांना लागलेला तो वास जात नाही. हिवाळ्यात आपली हवा कोरडी होते, तेव्हा पाकिटातून काढताना रेकॉर्ड चटचटते आणि धूळ ओढून घेते. त्याला कार्बन फायबरचा ब्रश वाजवण्याआधी एकदा फिरवला की पुरे. हिवाळ्याचा फायदाही आहे, धुतलेल्या रेकॉर्डी पटकन वाळतात. तुमची घाई नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये फक्त ढीग करा, ब्रश करा, आणि धुण्याचं काम दिवाळीनंतर काढा.

राहिल्या त्या दोन तडकलेल्या. त्या कोणत्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. लाखेच्या असतील आणि तुकडे सुटे झाले नसतील तर दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून, त्यांच्यावर 'तडा' असं लिहून, बाकीच्यांपासून वेगळ्या, आडव्या ठेवा. फक्त ह्या दोनच आडव्या. गोंद लावू नका. ७८ची योग्य सुई हाती आली की एकदाच लावायची आणि त्याच वेळी रेकॉर्डिंग करून घ्यायचं. टक् टक् येईल, पण गाणं हाती लागतं. लेबलचा फोटो टाका, मग त्या वाजवायच्या की नाही ते सांगतो.